ग्रहगोलावरील नांवें

स्वारगेटहून टिळक रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर न्यू इंग्लिश स्कूलचें तारांगण आहे. १९५४ सालीं उभारलेल्या त्या घुमटाखालीं बसणारा प्रेक्षक गोलाच्या आंत असतो. ग्रहाचा गोल फिरवून पाहणारा मात्र बाहेर उभा राहतो. सबंध जग हातीं आल्याचा भास त्याला सहज होतो. म्हणूनच ग्रहगोलाचेंही ग्रंथाप्रमाणें परीक्षण व्हावयास हवें.

सपाट नकाशांत आकार, अंतर किंवा दिशा यांपैकीं कांहीं तरी बिघडतेंच. गोलावर तीं तिन्ही एकाच वेळीं राखलीं जातात. हा त्याचा निर्विवाद गुण. परंतु गोल आपल्या कर्त्याचें मनही उघड करतो. १८७७ नंतर ज्योतिर्विदांनीं मंगळावर पाहिलेल्या सरळ रेषा तत्कालीन मंगळगोलांवर उमटल्या. १९६५ सालीं मरिनर-४ यानानें जवळून छायाचित्रें घेतलीं, तेव्हां त्या 'कालव्यांचा' मागमूस लागला नाहीं. उलट, लूना-३ यानानें १९५९ सालीं चंद्राची मागील बाजू प्रथम दाखविल्यावर रशियांत जो चंद्रगोल झाला, त्यावर न दिसलेला भाग कोराच ठेवला होता. संग्रहालयांत दोन्ही असावेत: एक मोहाची साक्ष म्हणून, दुसरा प्रामाणिकपणाची.

शुक्राच्या गोलाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. मेघांनीं झांकलेला हा ग्रह मॅगेलन यानानें १९९० ते १९९४ या काळांत रडारनें मोजला. त्यावरील जवळजवळ सर्व नांवें स्त्रियांचीं असून त्यांत 'जोशी' व 'मेधावी' हीं दोन विवरें आहेत. या दोघी म्हणजे डॉ. आनंदीबाई व पंडिता रमाबाई. १८८६ सालीं आनंदीबाईंच्या फिलाडेल्फियांतील पदवीदानास रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षीं आनंदीबाई पुण्यांत निवर्तल्या. त्या दोघी पुन्हा एका गोलावर आल्या, याचा आनंद कोणास होणार नाहीं?

पण नियम असा कीं, वीस किलोमीटरांहून मोठ्या विवरास ख्यातनाम स्त्रीचें नांव द्यावें, आणि लहानास स्त्रियांचें नुसतें पहिलें नांव. रूढीनें मोठ्या विवरावर बहुधा आडनांवच येतें. त्यामुळें 'आनंदी' हें नांव लहान विवरासच शोभलें असतें. मोठेपणा मिळाला तो आडनांवाला, आणि दोन्ही आडनांवें पतींचीं! ज्या नांवांनीं महाराष्ट्र त्यांस ओळखतो, तीं गोलावर नाहींतच.

नियम बदलणें आपल्या हातीं नाहीं. परंतु शुक्राचा मराठी गोल करून त्यावर या दोघींचीं पूर्ण नांवें घालणें कोणासही अशक्य नाहीं. तो गोल टिळक रस्त्यावरील मुलांच्या हातीं पडावा.