पिशाचभाषेतील कथा आणि तिचा श्रोता : गुणाढ्य व वेताळ यांच्या कथांतील वाचक-प्रतिसाद

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने अद्भुतकथेकडे बहुधा बालवाङ्मय किंवा लोकसाहित्य या दोन दालनांतूनच पाहिले आहे. कथेत पिशाच किंवा वेताळ प्रमुख पात्र म्हणून आला, की तिचा वाचक अजाण असणार असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदावरीच्या काठी पुढे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, वसलेले आहे. पिशाचांच्या दोन विख्यात कथांचा संबंध परंपरेने या नगराशी जोडला आहे. त्या दोन्ही सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या अकराव्या शतकातील काश्मिरी ग्रंथात येतात. दोन्ही कथांत श्रोत्याचा प्रतिसाद हाच कथानकाचा कणा आहे. प्रस्तुत लेखात या प्रतिसादाचे स्वरूप पाहावयाचे आहे.

राजाचा नकार

पहिली कथा ‘बृहत्कथे’च्या जन्माची आहे. जलक्रीडेच्या वेळी राणीने उच्चारलेल्या ‘मोदकैः’ या शब्दाचा संधी सातवाहन राजाला उलगडला नाही. ‘पाणी उडवू नका’ असे ती सांगत असता त्याने मोदक मागविले व तो हास्यास्पद ठरला. लज्जित राजाला शर्ववर्म्याने सहा महिन्यांत संस्कृत शिकविले. हे अशक्य मानून पैज लावणाऱ्या गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग करावा लागला. विंध्यारण्यात काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने दिव्य कथा ऐकली आणि ती पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांत लिहिली. शिष्यांनी ग्रंथ राजापुढे ठेवला. भाषा पिशाचांची व अक्षरे रक्ताची म्हणून राजाने तो धिक्कारला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राजाने कथेवर अभिप्राय दिलेलाच नाही. त्याने नाकारली ती भाषा. नुकत्याच हस्तगत झालेल्या प्रतिष्ठित भाषेचा अभिमान आणि जुन्या फजितीची सल या दोहोंतून त्याचा निर्णय आकार घेतो. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने 1960 नंतरच्या दशकात मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. वाचक कोऱ्या मनाने साहित्यकृतीकडे येत नाही. राजाचे क्षितिज तर ग्रंथ उघडण्यापूर्वीच मिटलेले होते. ही कथा इतिहास म्हणून घेता येणार नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यकाळातील 19व्या वर्षाचा असून प्राकृतात आहे. सातवाहनांचा लोकव्यवहार संस्कृताविना अडत नव्हता. म्हणून या आख्यायिकेकडे अभिरुचीच्या राजकारणाची कथा म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक होय.

धिक्कारानंतर गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. अरण्यातील पशू चरणे विसरून, साश्रू नयनांनी ऐकत राहिले. राजाच्या ताटातील मांस शुष्क झाले, तो आजारी पडला आणि कारणाचा शोध घेत अरण्यात पोहोचला. तोवर सहा लक्ष श्लोक भस्मसात झाले होते. उरलेले एक लक्ष, म्हणजे नरवाहनदत्ताची कथा, राजाच्या पश्चात्तापामुळे वाचले नव्हते. शिष्यांना ती कथा प्रिय होती, म्हणून गुणाढ्याने ती आधीच बाजूला ठेवली होती. ग्रंथ तरला तो सामान्य वाचकाच्या आवडीमुळे, हे या कथेचे मर्म आहे.

वेताळाचा प्रश्न

दुसरी कथा ‘वेताळपंचविशी’ची. प्रतिष्ठानचा राजा त्रिविक्रमसेन एका भिक्षूसाठी वृक्षावरील प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. प्रेतातील वेताळ वाटेत कथा सांगतो व शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून मौन पाळल्यास मस्तक फुटेल आणि बोलल्यास वेताळ वृक्षावर परत जाईल, असा हा पेच आहे. ऐकणाऱ्याला तटस्थ राहण्याची मुभाच येथे नाही. भारतीय काव्यशास्त्रातील सहृदय रसास्वाद घेतो. वेताळाच्या श्रोत्याला निवाडा करावा लागतो आणि त्याची किंमतही मोजावी लागते. चोविसाव्या कथेतील नात्यांचा गुंता मात्र राजाला सुटत नाही. त्याचे हे प्रामाणिक मौन वेताळाला संतुष्ट करते, आणि भिक्षूच्या कपटाची सूचना देऊन तोच राजाचे प्राण वाचवितो. भयप्रद निवेदक अखेर हितकर्ता ठरतो. कोकण व गोमंतकात वेताळ ग्रामरक्षक दैवत म्हणून पूजिला जातो, हे ध्यानी घेता मराठी वाचकाला हा बदल परका वाटण्याचे कारण नाही.

मासिकातील रूपांतर

मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना वेताळ भेटला तो 1952 मध्ये सुरू झालेल्या, आता बंद पडलेल्या ‘चांदोबा’ मासिकातून. तेथे मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही नव्या कथांनी मालिका चालू राहिली. प्रश्न आणि उत्तर यांमधील क्षणभराच्या अवकाशात बालवाचकाला स्वतः विचार करण्याची संधी मिळे, हे या मालिकेचे मोठे श्रेय होय. तथापि प्रत्येक प्रश्नाला राजाकडे उत्तर असावे, ही मासिक-मालिकेची गरज होती. उत्तर सुटले नाही तर मालिकाच संपते. परिणामी अनुत्तरित राहण्याचा मूळ कथेतील प्रौढ अनुभव दुरावला. ‘मुलांची गोष्ट’ हा शिक्का पुढे मूळ कथेवरही बसला, त्यामागे या रूपांतराचा वाटा असावा.

समारोप

दोन्ही कथा एकत्र वाचल्यास वाचकाच्या दोन जबाबदाऱ्या स्पष्ट होतात. सांगणाऱ्याची भाषा व जात पाहण्यापूर्वी कथा ऐकणे ही पहिली. ऐकल्यावर उत्तर देणे किंवा उत्तर नसल्याचे मान्य करणे ही दुसरी. प्राकृत वैयाकरणांनी पैशाचीचे नियम नोंदविले आहेत. म्हणजे ती व्याकरण असलेली भाषा होती. तिला पिशाचांची म्हणणे हा बाहेरच्यांचा निवाडा होता. नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांत बागलाण-मालेगावची अहिराणी आणि सुरगाणा-पेठची कोकणा बोली घरी बोलणारे विद्यार्थी येतात. त्यांच्या आजीच्या कथांतही भुते असतात. अशी कथा उत्तरपत्रिकेत किंवा निबंधात उतरते, तेव्हा प्रमाणभाषेच्या लाल शाईखाली तिचा आशय वाचला जातो की नाही, हा प्रश्न अध्यापकाच्या खांद्यावरील वेताळाचाच आहे. उत्तर ठाऊक असता मौन पाळणे येथेही परवडणारे नाही.