चिखल कुठला आहे?

जपानी खोक्यातला रणगाडा जोडायला मला आठवडा लागतो आणि मळवायला महिना. या मळवण्याला आमच्या छंदात वेदरिंग म्हणतात. आई म्हणते, ‘नवीन वस्तू आणायची आणि घाण करायची, यासाठी एवढे पैसे?’ विश्रामबागेतल्या आमच्या घरात माझं टेबल बाहेरच्या खोलीत आहे, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण मत देऊन जातो. आईचं मत मात्र मनात राहिलं, कारण रोज मोबाइलवर जे मळलेले रणगाडे मी बघतो, त्यातले बरेचसे खरोखरच नुसते घाण केलेले असतात.

हिवाळी रणगाडाच घ्या. १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर दोन्ही सैन्यांनी बर्फात दिसू नये म्हणून आपली वाहनं पांढरी केली. तो पक्का रंग नव्हता. खडू किंवा चुना पाण्यात कालवायचा आणि मिळेल त्या ब्रशनं फासायचा. वसंतात तो निघून जावा हीच अपेक्षा. म्हणजे सरळ आपली चुन्याची सफेदी, दिवाळीआधी घराला मारायचो ती. चुन्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला हा रंग कसा जातो हे शिकवावं लागत नाही. भिंत सगळीकडून सारखी उडत नाही. टेकणाऱ्यांच्या पाठीच्या उंचीला ती झिजते, चौकटीपाशी हात लागून काळी पडते, पन्हाळीखाली तिच्यावर ओघळ उतरतात आणि कोपऱ्यात मात्र चुना वर्षानुवर्षं तसाच राहतो.

रणगाड्याचंही तेच. माणसं जिथून चढतात, बुटांनी जिथं घासतात, झाकणाची कड जिथं रोज हातात येते, तिथला चुना आधी जाणार. खाचाखोचांतला शेवटी.

आता आमच्या छंदातलं लाडकं तंत्र. हिरव्या रंगावर केसांना मारायचा स्प्रे मारायचा, वर पांढरा अ‍ॅक्रिलिक, मग ओल्या ब्रशनं घासायचं. खालचा स्प्रे पाण्यानं विरघळतो आणि पांढरा रंग खपल्यांनी सुटतो. फार सुंदर सुटतो, आणि खोट तिथंच आहे. हाताला थांबवत नाही. मग पुढून, मागून, बुरुजावर, तोफेच्या टोकावर, जिथं कुणाचा पाय जन्मात पोचणार नाही तिथंसुद्धा सारख्याच खपल्या. रणगाड्याला कांजिण्या उठल्यासारखं दिसतं. लाइक्स मात्र भरपूर.

याचा दोष तंत्र काढणाऱ्यांना देऊन चालणार नाही. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेननं पातळ काळपट रंग खाचांत सोडून आणि कोरड्या ब्रशनं कडा उजळून मॉडेलला उठाव दिला. त्याचे रणगाडे मला रंगमंचावरच्या प्रकाशात उभे असल्यासारखे वाटतात, पण त्यांच्याकडे बघावंसं वाटतं हे नक्की. पुढे स्पेनच्या मिग हिमेनेझसारख्यांनी गंज, धूळ, तेल, चिखल यांचं अख्खं दुकानच मांडलं. त्यांच्या चांगल्या कामात प्रत्येक डागाला जागा असते. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी डाग घेतले, जागा सोडल्या.

आणि चिखल तर आता बाटलीतून येतो. लेबलं वाचा: रशियन अर्थ, युरोप डस्ट, व्हिएतनाम अर्थ. अख्ख्या युरोपाची धूळ एका रंगाची! आपल्याकडे एका गल्लीच्या चिखलाला चार शब्द लागतात. चिखल वेगळा, राड वेगळी, रेंदा वेगळा, गाळ त्याहून वेगळा. काळ्या रानातनं बाहेर आलेला ट्रॅक्टर डांबरीवर आला की पहिल्या पन्नास फुटांत मोठी ढेकळं टाकतो, मग चाकाच्या नक्षीचे तुकडे, मग नुसते ठसे. चाकाच्या खाचेतली माती ओली काळी असते, मडगार्डवरची वाळून राखाडी झालेली, आणि मागच्या ट्रॉलीवर शिंतोडे उडालेले असतात ते बरोबर चाकाच्या रेषेत. बाटलीतल्या चिखलाला ही दिशा नसते.

मापाचंही भान सुटतं. १/३५ मापात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. कुंडीतली माती तशीच चिकटवली तर रणगाडा खाणीतून आल्यासारखा दिसतो. ती वस्त्रगाळच हवी. पँथर आणि टायगर या जर्मन रणगाड्यांची चाकं एकमेकांवर चढवलेली असत. मधल्या फटींत चिखल-बर्फ भरायचा, रात्री गोठायचा आणि सकाळी चाकं जाम. या रणगाड्यांच्या मॉडेलवर बाहेरच्या पत्र्यावर हौसेनं शिंतोडे असतात आणि चाकांमधली फट स्वच्छ. ज्या चिखलानं गाडी अडवली तोच गायब.

एवढं बोलल्यावर माझा टी-३४ दाखवायला हवा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं. गावभागातल्या मामाच्या घरात होतं. मामा-मामी आमच्याकडे राहायला आले. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे फावडी घेऊन तिकडे गेलो आणि कितीतरी दिवस गाळ काढत होतो. त्यातला मूठभर मी डबीत घालून आणला. तेव्हा का आणला ते मला सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी, घरात अडकून पडलेलो असताना, तो वाळवून, मामीच्याच जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून, पांढऱ्या टी-३४ला लावला. रंग अप्रतिम जमला. मला वाटलं, खरी माती, म्हणजे काम खरं झालं.

मामी आली तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं, हा तुमच्या घरातला गाळ. सांगताक्षणी जीभ चावली. तिनं चष्मा लावला, मॉडेल हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता रडेल किंवा रागावेल.

‘हा आमचा न्हवं,’ ती म्हणाली. ‘पुराचा गाळ उडत नाही रे, बसतो. फडताळातल्या कपांच्या आत बसलेला. आणि भिंतीला रेघ असते. तुझ्या गाडीला रेघ कुठाय?’

माझ्या कामाची इतकी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही. माती खरी होती आणि चिखल खोटा होता. शांत पाण्यानं आणलेली माती मी धावत्या गाडीनं उडवल्यासारखी लावली होती. शिवाय चुना डिसेंबरचा आणि चिखल मार्चचा, तरी दोन्ही सारखेच ताजे. तो टी-३४ मी कपाटात मागे ठेवला. डबीतला उरलेला गाळ मामीनं मागितला नाही आणि मला टाकवत नाही.

सध्या टेबलावर पॅटन आहे. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पाकिस्तानी सैन्याकडून हाती आलेले पॅटन उभे आहेत. मी गेलो तेव्हा त्यांचा रंग अगदी नीटनेटका होता, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सैन्यात मळलेली गाडी म्हणजे हयगय. पण सप्टेंबर १९६५मध्ये असल उत्तरला पॅटन रुतले ते पाणी सोडलेल्या शेतांत, आणि आपले रणगाडे दबा धरून बसले होते ते उंच उसात. पाणी पाजलेल्या उसाच्या रानातला चिखल! त्यासाठी बाटली मागवायची मला तरी लाज वाटेल.

हंगाम सुरू आहे. रात्री ट्रॉल्यांचा आवाज आला की मी मोबाइल घेऊन रस्त्यावर जातो आणि चाकांचे फोटो काढतो. परवा एका ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवून विचारलं, पंक्चर दिसतंय का?