भित्तिपत्रकाची भाषा : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या निमित्ताने

नाटकाचे भित्तिपत्रक म्हणजे निव्वळ जाहिरात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रयोगाचे स्थळ, वेळ व तिकिटाचे दर कळविणे हे त्याचे काम खरेच. परंतु सामाजिक आशयाच्या नाटकाबाबत ते त्या नाटकावरील पहिले भाष्यही असते. हे भाष्य चुकले, तर प्रेक्षक नाट्यगृहात शिरण्यापूर्वीच चुकीच्या अपेक्षेने बांधला जातो.

भित्तिपत्रकात अक्षर व चित्र यांचे नाते कसे असावे, हे पुष्कळ अंशी शीर्षकावर अवलंबून असते. देवलांच्या ‘शारदा’चे (१८९९) शीर्षक विशेषनाम आहे, जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न त्यातून सूचित होत नाही, तो चित्रालाच सांगावा लागतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) वस्तूचे नाव आधीच आलेले आहे, तेथे पुन्हा प्याला रंगविणे ही पुनरुक्ती होय. त्या शीर्षकाचा खरा भार ‘च’वर आहे, आणि तो माणसाने स्वतःलाच दिलेला खोटा दिलासा आहे.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे (१९६७) शीर्षक या दोहोंहून निराळे आहे. ती एक उक्ती आहे, मात्र तिचे वक्ता व श्रोता दोघेही अध्याहृत आहेत. पहिला शब्द नाम असून आज्ञेचे कार्य करतो. पुढील वाक्य त्या आज्ञेचे कारण सांगते. अशी रचना सार्वजनिक पाट्यांवर आढळते. साहजिकच ती भिंतीवर लागताच रस्त्याने जाणारा मनुष्य तिचा श्रोता ठरतो.

अशा नाटकासाठी तराजू, डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता किंवा रडणारी स्त्री ही चित्रे प्रथम सुचतात. ती नाटकाशी विसंगत आहेत. रंगभूमीवर खरे न्यायालय नाहीच. गावी प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्याकरिता अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात, लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, आणि खेळता खेळता तिचे खाजगी आयुष्य साक्षीपुराव्याचा विषय होते. नाटककाराने या मंडळींचा जो अधिकार पोकळ ठरविला, तोच तराजू त्यांना परत बहाल करतो. रडणारी स्त्री दाखविल्यास ती केवळ करुणेचा विषय होते व आरोप करणारे चौकटीबाहेर निसटतात.

भित्तिपत्रक क्षणात समजले पाहिजे, म्हणून परिचित प्रतीके अटळ आहेत, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु सुबोधता आणि परिचितता एक नव्हेत. परिचित प्रतीक प्रश्न उभा राहण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळे होते. नाटकातील साध्या वस्तू याहून अधिक बोलक्या आहेत. आरंभी बेणारेचे बोट ज्या कडीत चिमटते, तीच कडी पुढे अडकून तिचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद करते. सामंतांच्या हातातील हिरवा कापडी पोपट अखेरीस तिच्याजवळ येतो. प्रोफेसर दामल्यांचे नाव पुनःपुन्हा उच्चारले जाते, पण ते स्वतः कधीच येत नाहीत.

बंद दार, कडी आणि कचेरीच्या पाटीसारखी रुक्ष अक्षरे एवढी सामग्री पुरेशी आहे. त्यांतही ‘शांतता’ ठळक करून ‘चालू आहे’ बारीक अक्षरांत ढकलणे योग्य नव्हे. गप्प कोणाला केले जाते, हे पहिला शब्द सांगतो. पडदा पडल्यावरही तो खटला संपत नाही, हे ‘चालू आहे’मधील वर्तमानकाळ सांगतो. नाटकाचा सामाजिक आशय या दोहोंच्या जोडणीत आहे, आणि भित्तिपत्रकाने ती तोडता कामा नये.