रवीश कुमार : पत्रं निवडणारा अँकर

रवीश कुमार म्हटलं की बहुतेकांना १९ फेब्रुवारी २०१६ चा ‘प्राइम टाइम’ आठवतो. जेएनयू प्रकरणात चॅनेलांवर चाललेला आरडाओरडा नुसता ऐकवता यावा म्हणून त्यांनी पडदाच काळा केला होता. क्लिप म्हणून ती आजही जबरदस्त आहे. पण माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम ते नाही. ते आहे २०१८ मध्ये सुरू झालेली ‘नोकरी सीरिज’.

त्यात स्टुडिओतली भांडणं नव्हती. परीक्षा झाली तर निकाल नाही, निकाल लागला तर जॉइनिंग नाही, एवढंच. एका राज्याचा आयोग झाला की दुसऱ्या राज्याचा. फॉर्म कधी भरला, पेपर कधी झाला, त्यानंतर किती वर्षं काहीच झालं नाही, हे सगळं वाचून दाखवायचं. टीआरपीच्या हिशोबाने कमालीचं कंटाळवाणं. पण पुण्यातल्या अभ्यासिकेत एमपीएससी करत बसलेल्या मुलामुलींसाठी राजकारण म्हणजे याच तारखा असतात.

या सीरिजचं मूळ खूप मागे आहे. बिहारमधल्या मोतिहारीकडून दिल्लीत आलेले रवीश १९९६ मध्ये एनडीटीव्हीत लागले, तेव्हा त्यांचं काम होतं प्रेक्षकांची पत्रं निवडणं. पुढे ते रिपोर्टर झाले, ‘रवीश की रिपोर्ट’ केली, अँकर झाले. ‘नोकरी सीरिज’ही तरुणांनी पाठवलेल्या मेसेजांवरच उभी राहिली. २०१९ च्या मॅगसेसे पुरस्काराने गौरव केला तो याच वृत्तीचा.

अदानी समूह एनडीटीव्ही ताब्यात घेत असताना, ३० नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी राजीनामा दिला. आता यूट्यूबवर त्यांचे एक कोटीहून जास्त सबस्क्रायबर आहेत. स्वातंत्र्य आहे, पण हाताशी न्यूजरूम नाही. त्यामुळे व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा इतरांनी छापलेल्या बातम्या आणि त्यावरचे टोमणे असतात. टोमणे धारदार असतात, पण ते आधीच पटलेल्यांनाच पटतात.

पत्र आणि कमेंट यांत फरक आहे. पत्रात गाव, तारीख, अर्ज असतो. ते तपासता येतं. कमेंटमध्ये बहुतेकदा ‘सर, सलाम’ असतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो : प्लॅटफॉर्मच्या लेखी दोन्ही सारखेच, एंगेजमेंट.

विनय शुक्लांची ‘व्हाइल वी वॉच्ड’ ही डॉक्युमेंटरी पाहून लोक एकट्या लढणाऱ्या रवीशबद्दल बोलतात. मला त्यात लक्षात राहिले ते नोकरी सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांसाठी कापलेले केक. एकटा माणूस निर्भय राहू शकतो, पण दहा राज्यांतल्या रखडलेल्या भरत्यांची माहिती तपासायला पगारी माणसं लागतात.

त्यांचा नवा व्हिडिओ लावण्याआधी ‘नोकरी सीरिज’चा एखादा जुना भाग बघा. बोलतात रवीशच, पण माहिती त्या मुलांनी पाठवलेली असते.