पडदा नसलेला कॅमेरा

जर्मनीतील लायका कंपनीच्या ‘एम’ मालिकेला २०१४ साली साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने कंपनीने केवळ ६०० संचांपुरता एक डिजिटल कॅमेरा काढला. काढलेले छायाचित्र दाखवणारा पडदा त्याच्या पाठीवर नव्हता. २०१६ साली ‘एम-डी’ या नावाने हीच कल्पना नेहमीच्या विक्रीसाठी आली. २०१८ सालच्या ‘एम१०-डी’ची किंमत तर सुमारे ८,००० अमेरिकन डॉलर होती. कमी दाखवणाऱ्या यंत्रासाठी माणसे अधिक पैसे का मोजतात, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

ज्यांच्या कपाटात लग्नाचे अन् बाप्तिस्म्याचे जुने अल्बम आहेत, त्यांना याचे उत्तर काहीसे ठाऊक असेल. ३६ चित्रांचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, तो संपला की धुवायला द्यायचा आणि मग वाट पाहायची. ही प्रतीक्षा कोणी हौसेने पत्करलेली नव्हती. प्रकाश पडल्यावर फिल्मवरील चांदीच्या क्षारांत जी सुप्त प्रतिमा उमटते, ती डोळ्यांना दिसत नाही. रसायनात बुडवल्यावरच ती प्रकट होते. शिवाय प्रत्येक चित्राला पैसे पडत आणि चुकलेला क्षण परत मिळत नसे. म्हणून छायाचित्रकार आधी नीट पाहत असे आणि मगच कळ दाबत असे.

डिजिटल तंत्राने ही सक्ती संपवली, हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर एक नवी सवय जडली. कळ दाबताच छायाचित्रकाराची मान खाली जाते; समोरचा माणूस तसाच ताटकळतो आणि त्याच्याऐवजी त्याचे चित्र न्याहाळले जाते. पडदा काढून टाकणाऱ्यांनी या सवयीवर नेमके बोट ठेवले आहे. त्यांच्या कॅमेऱ्याचे आकर्षण केवळ श्रीमंती षौक नव्हे. लक्ष विचलित न होऊ देण्याची एक खरी तळमळ त्यामागे आहे.

मात्र साधेपणा आणि साधेपणाचा देखावा यांत भेद करायला हवा. फिल्मच्या कॅमेऱ्यातील खटका ओढला की फिल्म एक घर पुढे सरके आणि शटर सज्ज होई. २००४ साली एप्सन कंपनीने काढलेल्या ‘आर-डी१’ या डिजिटल कॅमेऱ्यातही असा खटका होता. तेथे फिल्म नव्हती, तरी शटर सज्ज करण्याचे काम तो खरोखर करी. ‘एम१०-डी’वरील खटक्याचे रूप तेच, पण तो ओढल्याने काहीच घडत नाही, तो केवळ अंगठा टेकवण्यासाठी आहे. आणखी एक विसंगती अशी की, पाठीवरचा पडदा काढून घेतलेल्या याच कॅमेऱ्यातील चित्रे बिनतारी जोडणीने मोबाइलवर पाहता येतात. दार बंद केले, पण खिडकी उघडीच राहिली!

फुजीफिल्मचा २०२५ सालचा ‘एक्स हाफ’ त्याहून पुढे जातो. त्यात ३६, ५४ किंवा ७२ चित्रांचा काल्पनिक रोल निवडता येतो. दर चित्रानंतर खटका ओढावा लागतो आणि रोल पुरा झाल्यावर मोबाइलवर तो ‘धुतला’ जातो. हा खेळ लोभस आहे, यात शंका नाही. परंतु चित्र तर पहिल्या क्षणीच तयार झालेले असते. ते फक्त लपवून ठेवलेले असते. प्रतीक्षेचा अनुभव उभा करता येतो, गमावण्याची जोखीम मात्र तशी उभी करता येत नाही.

मग या यंत्रांना दांभिक म्हणून मोडीत काढावे काय? तसे वाटत नाही. माणसाची इच्छाशक्ती दुबळी असते. तिला बाहेरचा आधार लागला, तर त्यात लाजिरवाणे काही नाही. आक्षेप आहे तो संयम ही महागडी चीज होऊन बसण्याला. या बाबतीत एप्सनचा तो जुना कॅमेराच अधिक शहाणा वाटतो. त्याचा पडदा उलटा फिरवून झाकता येई आणि हवा तेव्हा उघडता येई. निर्णय वापरणाऱ्याच्या हाती होता. आज घरोघरी असलेल्या साध्या कॅमेऱ्यातही चित्र लगेच दाखवण्याची सोय बहुधा बंद करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी अंगणात आजीचे छायाचित्र काढताना एवढे जरूर करून पाहावे. कळ दाबल्यावर मान खाली न घालता आणखी क्षणभर तिच्याकडेच पाहावे.