शांतता की शुद्धी? : भुलीनंतरच्या बालप्रक्षोभाच्या मापनाची समीक्षा

प्रास्ताविक : शस्त्रक्रियेनंतर भुलीतून बाहेर येणारी काही मुले, विशेषतः शालापूर्व वयातील, अनावर रडतात, हातपाय झाडतात, सलाइनची नळी ओढतात आणि जवळ आलेल्या आईलाही ओळखत नाहीत. ही अवस्था बहुधा आपोआप ओसरते. एकेनहॉफ व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये तिची दखल घेतली होती. पुढे सेव्होफ्लुरेन या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भूल-औषधाचा वापर वाढला आणि तिची चर्चा नव्याने सुरू झाली. तिच्यावरील उपायांचे मूल्यमापन करताना ती मोजली कशी जाते, हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन : सिकिच व लर्मन यांची २००४ मधील ‘पेड’ मापनश्रेणी व्यापक प्रमाणात वापरली जाते. मूल नजरेला नजर देते काय, त्याच्या हालचाली हेतुपूर्ण आहेत काय, त्यास परिसराचे भान आहे काय, ते अस्वस्थ आहे काय आणि समजूत घालूनही शांत होत नाही काय, असे तिचे पाच निकष आहेत. प्रत्येकास ० ते ४ आणि एकूण २० गुण असतात. पहिले तीन निकष प्रामुख्याने भानाचे, तर अखेरचे दोन वर्तनाचे आहेत. टाके दुखत असलेले, पूर्ण शुद्धीवरील मूलही या दोहोंवर ८ गुण मिळवू शकते. परिणामी, एकाच बेरजेत वेदना आणि संभ्रम मिसळले जातात.

अर्थात, प्रक्षोभ म्हणजे केवळ वेदना नव्हे. क्राव्हेरो व सहकाऱ्यांना २००० मध्ये शस्त्रक्रिया न होता केवळ एमआरआय तपासणीसाठी भूल दिलेल्या मुलांतही तो आढळला. २००३ मध्ये अशाच मुलांत फेंटानिलच्या अल्प मात्रेने तो घटला. वेदनाशामक लागू पडले, म्हणून वेदना हेच कारण होते, असे अनुमान येथे टिकत नाही.

कॉक्रेनच्या २०१४ मधील आढाव्यात प्रोपोफॉल, फेंटानिल, डेक्समेडेटोमिडीन इत्यादी औषधे उपयुक्त ठरली. जागे होताना पालकांच्या उपस्थितीचा लाभ मात्र दिसला नाही. ही औषधे बहुतांशी गुंगी आणणारी अथवा वेदना शमविणारी आहेत. गुंगीतील मूल शांत असते, पण ते शुद्धीवर आले आहे, असे म्हणता येत नाही. उलट, केन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात पालकांसह केलेल्या शस्त्रक्रियापूर्व तयारीने मुलांची भीती, नंतरचा संभ्रम आणि वेदनाशामकाची गरज, ही तिन्ही कमी झाली. पालकांचे साहाय्य निरुपयोगी नसून ते केव्हा लाभते, याला महत्त्व आहे, असे यावरून दिसते.

निष्कर्ष : भानाचे व वर्तनाचे गुण स्वतंत्रपणे नोंदविणे, वेदनेचे निराकरण आधी करणे आणि जागे होण्यास लागलेला वेळ सोबत देणे, ही अशा संशोधनाची किमान अट असावी. अन्यथा मूल गप्प झाले, एवढेच सिद्ध होईल. ते का रडत होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.