सोपेपणाची किंमत कोणी मोजायची?

शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर वेळापत्रक आहे. प्रत्येकाने हवा तो भाग आपल्या वहीत उतरवून घेतला आहे. एकाने एक तास बदलला, की इतरांच्या वह्या खोट्या ठरतात. अनेक गाभे असलेल्या संगणक-प्रक्रियकात हाच पेच असतो. फळा म्हणजे सामाईक स्मृती आणि वही म्हणजे प्रत्येक गाभ्याची जवळची छोटी स्मृती, अर्थात कॅश.

रूढ उपाय असा, की बदल करणाऱ्याने आधी शिपाई पाठवून इतरांच्या नोंदी खोडून घ्याव्यात. इलिनॉय विद्यापीठातून १९८४ साली मांडल्या गेलेल्या ‘मेसी’ पद्धतीत नोंदीच्या अवस्था चारच. पण शिपाई वाटेत असतानाच दुसऱ्याचाही शिपाई निघाला तर? अशा अधल्यामधल्या अवस्था वाढत जातात आणि चुका तेथेच दडून बसतात.

त्याच विद्यापीठातील सरिता अडवे (मुंबई आय.आय.टी.च्या १९८७ च्या पदवीधर) व सहकाऱ्यांनी २०११ साली ‘डीनोवो’ ही पद्धत सुचवली. येथे नोंदी खोडायला लावणारा शिपाईच नाही. बदल करणारा फळ्यावर त्या नोंदीपाशी आपले नाव लिहितो. घंटा झाली, की बदलल्या असू शकतील अशा आपल्या वहीतील नोंदी प्रत्येकजण स्वतःच खोडतो. पुढे गरज पडली, की फळ्यावरचे नाव पाहून त्याच्या वहीतून नवी नोंद घेतो. अवस्था उरतात तीन. अधलीमधली एकही नाही!

कल्पना देखणी आहे, यात शंका नाही. पण आमचा आक्षेप ‘सोपे झाले’ या शब्दांना आहे. दोन घंटांच्या दरम्यान एकाने बदललेली नोंद दुसऱ्याने वाचायची नाही की बदलायची नाही, आणि कोणता भाग बदलणार तेही आधी सांगायचे, ही शिस्त आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाळायची. जुने प्रोग्राम ती पाळत नाहीत. कुलुपे वापरणाऱ्या प्रोग्रामांसाठी या गटालाच २०१३ व २०१५ साली पद्धतीत भर घालावी लागली. उलट मार्टिन, हिल व सोरिन यांनी २०१२ साली दाखवले, की गाभे वाढले तरी रूढ उपायाचा खर्च आवाक्यात ठेवता येतो. नेहमीच्या संगणकांत आजही तोच उपाय आहे.

म्हणजे गुंतागुंत नाहीशी झाली नाही, तिने घर बदलले. तरीही डीनोवोचे श्रेय मोठे आहे. कोणताही बेशिस्त प्रोग्राम चालवून घेण्याच्या हट्टासाठी यंत्राला केवढी किंमत मोजावी लागते, हे तिने उघड केले. वर्गात एखादी गोष्ट ‘सोपी करून’ सांगताना आपणही स्वतःला विचारावे: अवघड भाग गेला, की विद्यार्थ्याच्या माथी पडला?